पुढचे चोपन्न सेकंद

फ्रिज बंद आहे. वरच्या कप्प्यात फोटोच्या रोलचे सात डबे, दुधाची एक पिशवी आणि एक लहानशी पितळी किल्ली.

*

"श्वास घेताना खांदा वर जातो, सोडताना खाली येतो. त्या दोन्हींच्या मध्ये मोहरीएवढी जागा असते. बोट तिथे दाबायचं."

*

तिसऱ्या रांगेतला माणूस बायकोच्या कानाशी वाकून म्हणतो, "काम झकास आहे गं, पण साउंडवाल्याने माती खाल्ली."

*

गणिताच्या बाई वजाबाकी तोंडीच करतात.

*

रिकाम्या खोलीलाही आवाज असतो.

*

हात वर, तळवा उघडा. याचा अर्थ: अजून थोडं.

*

"आता कुणी हलू नका."

*

हे शेवटचं वाक्य अप्पांचं. पन्नास वर्षं ते फोटो काढत होते आणि पन्नास वर्षं दिवसातून चाळीसदा तरी हेच म्हणत होते. पासपोर्टचे फोटो, शाळेच्या वर्गांचे फोटो, तान्ह्या बाळांचे, पदवीचा झगा घालून आलेल्यांचे. संध्याकाळी दुकानाचं दार ओढलं की कॅमेरा गळ्यात घालून बाहेर पडायचे आणि वाट बघणाऱ्या माणसांचे फोटो काढायचे. दवाखान्याच्या बाकावर, बसथांब्यावर, न्यायालयाच्या पायऱ्यांवर. हे फोटो त्यांनी कुणाला दाखवले नव्हते. सत्तरी उलटल्यावर ते कुणीतरी पाहिले, भिंतीवर लावले आणि मग त्यांच्यावर माहितीपट करायला तीन माणसं घरी आली: दिग्दर्शक बाई, कॅमेरावाला आणि साउंडवाला.

बाईंनी याआधी दोन फोटोग्राफरांवर माहितीपट केले होते आणि दोन्ही वेळा हात टेकले होते. त्या म्हणायच्या, "स्वयंपाक्यावर करावा, शिंप्यावर करावा, फोटोग्राफरवर करू नये. आपण त्याला बघायला जातो आणि तोच आपल्याला बघत बसतो."

अप्पाही तसेच निघाले. पहिल्या दिवशी खुर्चीत बसल्या बसल्या कॅमेरावाल्याला म्हणाले, "अहो, तो पडदा अर्धा ओढा. या उजेडात माझं नाक म्हणजे वांगं दिसणार."

कॅमेरावाल्याने भिंगातून पाहिलं आणि मुकाट्याने पडदा ओढला.

साउंडवाल्याशी मात्र अप्पांचं पहिल्या दिवसापासून जमलं. बाई त्याला कानसेन म्हणून चिडवायच्या. तो फारसं बोलायचा नाही, डोळे मिटून हेडफोन लावून बसायचा. अप्पा म्हणाले, "हा माझ्या धंद्यातला माणूस. मी एक डोळा मिटतो, हा दोन्ही मिटतो."

*

आता त्या धंद्यातल्या दोन रीती सांगायला हव्यात, नाहीतर पुढचं कळणार नाही.

पहिली अशी. मुलाखत संपली की साउंडवाला सगळ्यांना जागच्या जागी गप्प बसवतो आणि एक मिनिट नुसती खोली रेकॉर्ड करतो. त्याला ही मंडळी रूमटोन म्हणतात. पुढे मुलाखतीची काटछाट होते, दोन वाक्यांच्या मधलं खोकणं, अडखळणं उडवलं जातं. तिथे भोक पडतं. त्या भोकात त्याच खोलीची शांतता भरायची असते. दुसऱ्या खोलीची चालत नाही, लगेच ठिगळ कळतं. म्हणून माणसंसुद्धा तीच हवीत, त्याच जागी बसलेली. सगळ्यांनी अळीमिळी गुपचिळी करून बसायचं एक मिनिट. लहान मुलांचा खेळच तो, पण मोठी माणसं इमानेइतबारे खेळतात.

दुसरी रीत फ्रिजची. फ्रिज गुरगुरतो, म्हणून रेकॉर्डिंगच्या वेळी तो बंद करावा लागतो. आणि बंद केलेला फ्रिज चालू करायला हमखास विसरायला होतं. मग यजमानांचं दूध नासतं आणि साउंडवाल्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार होतो. त्यावर तोडगा असा, की ज्यावाचून आपण घरी जाऊच शकत नाही अशी एखादी वस्तू फ्रिजमध्ये ठेवायची. कुणी गाडीची किल्ली ठेवतं, कुणी पायातला एक बूट. हा साउंडवाला माइकच्या पेटीच्या कुलपाची किल्ली ठेवायचा. माइक पेटीत घालून कुलूप लावायला किल्ली लागणार, किल्लीसाठी फ्रिज उघडावा लागणार, तो उघडला की आतला दिवा लागणार नाही आणि आठवण होणार. वीस वर्षांत एकदाही चूक झाली नव्हती.

*

साउंड रिपोर्ट, दिवस सहावा

टेक ४१. मुलाखत. ठीक.
टेक ४२. रूमटोन, एक मिनिट. फ्रिज.
टेक ४३. रूमटोन, एक मिनिट पन्नास सेकंद. उत्तम.

'उत्तम' या शब्दाखाली रेघ आहे. ती पेनाने मारलेली आहे, खाली मान घालून, समोर न बघता.

*

सहाव्या दिवशी बाईंनी अप्पांना गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसवलं होतं. ही खुर्ची अप्पांच्या गुरूंच्या वेळची, दुकानातून घरी आणलेली. पाठीला लोखंडी दांडा आणि त्याला मान टेकवायला चिमट्यासारखी कमान. पूर्वी फोटोला वेळ लागायचा, माणूस हलू नये म्हणून हा बंदोबस्त. अप्पांनी पन्नास वर्षं लोकांना तिथे बसवलं, स्वतः कधी बसले नव्हते. बसल्यावर म्हणाले, "न्हाव्याकडे आल्यासारखं वाटतंय. बारीक करू नका हो फार."

मुलाखत छान झाली. मोहरीएवढ्या जागेबद्दल ते याच खुर्चीत बोलले. "आजवर माझा एक फोटो हललेला दाखवा," असं म्हणाले, आणि बढाई मारल्याचं लक्षात येऊन स्वतःच हसले.

मग रूमटोन घेतला. मिनिट संपलं आणि साउंडवाल्याने तोंड वाकडं केलं. पडद्यामागे स्वयंपाकघर होतं आणि तिथला फ्रिज सकाळपासून खालच्या सुरात घुमत होता. मुलाखतीत तो बोलण्याखाली झाकला जात होता, शांततेत नागडा पडला.

"आणखी एक मिनिट बसता का, अप्पा? फ्रिज बंद करून येतो."

"बसतो की. लोकांना बसवून बसवून पाप केलंय, थोडं फेडू दे."

तो आत गेला. बटण बंद केलं, किल्ली ठेवली, परत येऊन हेडफोन लावले आणि डोळे मिटले. अप्पांच्या सदऱ्याला लावलेला छोटा माइक चालूच होता.

"आता कुणी हलू नका," अप्पा म्हणाले, आणि कॅमेरावाल्याला हसू आवरेना. ते आवरेपर्यंत थांबून मग टेक त्रेचाळीस सुरू झाला.

पहिले वीस-बावीस सेकंद अप्पांचा श्वास ऐकू येत होता. म्हातारा श्वास, नाकात किंचित शिट्टी असलेला. आत, बाहेर. आत, बाहेर. आत.

मग तो थांबला.

आणि साउंडवाल्याच्या मनात जे आलं ते फक्त त्याच्याच मनात येऊ शकत होतं. त्याला वाटलं: वा, काय माणूस आहे. आपल्याला स्वच्छ शांतता मिळावी म्हणून श्वास धरलाय.

ती शांतता खरंच विलक्षण होती. रस्त्यावर एकही गाडी नाही. खिडकीत पक्षी नाही. फक्त खोली: लाकडाची, काचेची, जुन्या कागदांची. अशी खोली नशिबात एकदाच येते. मिनिट झाल्यावर कॅमेरावाल्याने हळूच बाकाला बोट आपटलं, थांबायचं का म्हणून. साउंडवाल्याने डोळे न उघडता हात वर केला. तळवा उघडा. अजून थोडं.

त्याला हाव सुटली होती. दुसरा शब्द नाही.

एक मिनिट पन्नास सेकंदांनी त्याने बटण दाबलं, खाली मान घालून 'उत्तम' लिहिलं, रेघ मारली. "झालं, अप्पा," कॅमेरावाला म्हणाला. अप्पा ताठ बसले होते. मान कमानीत, डोळे खिडकीकडे. "अप्पा, झालं," तो पुन्हा म्हणाला.

पुढचं सगळ्यांना ठाऊक असतं तसंच झालं. छातीवर दाबणं, फोन, जिन्यावर स्ट्रेचर अडकणं. डॉक्टर म्हणाले की क्षणात गेले, काही करता आलं नसतं. साउंडवाला पेटी सुतळीने बांधून घरी घेऊन गेला. किल्ली त्याला आठवली तिसऱ्या दिवशी. पेटीला त्याने नवं कुलूप आणलं.

*

श्वास थांबलेला फक्त त्याने ऐकला होता. बाकी दोघांच्या कानाला काही नव्हतं. अप्पांची मुलगी दुसऱ्या गावी शाळेत गणित शिकवायची. तिला कळवलं गेलं की मुलाखत आटोपली आणि अप्पा बसल्या जागी गेले. त्यात खोटं काही नव्हतं. साउंडवाला तोंडात गुळणी धरल्यासारखा राहिला.

दोन महिन्यांनी बाईंनी माहितीपट जोडला आणि आवाजाचं काम त्याच्याकडे आलं. सत्तर मिनिटांचा माहितीपट, पाच-सहाशे भोकं. ती बुजवायला त्याने सवयीने टेक त्रेचाळीस काढला, सवयीनेच सुरुवातीचे बावीस सेकंद कापले, कारण त्यात श्वास होता, आणि उरलेला स्वच्छ तुकडा एकापुढे एक जोडत सत्तर मिनिटांखाली अंथरला. हात आपोआप चालत होते.

मग ऐकायला बसला. पडद्यावर अप्पा वांग्याच्या नाकाबद्दल बोलत होते, हसत होते. वाक्य संपलं, शांतता आली. वर अप्पा हसत होते आणि खाली अप्पा नव्हते. प्रत्येक वाक्यानंतर ते नव्हते. लहानपणाबद्दल बोलले आणि नव्हते. बायकोची आठवण काढली, डोळे पुसले आणि नव्हते.

त्याने ते काढलं नाही. काढलं असतं तर बाईंनी कारण विचारलं असतं.

त्यानंतर ती शांतता त्याला कुठेही गाठू लागली. लिफ्टचं दार मिटलं की. बँकेत टोकन घेऊन बसला की. सकाळी पेपर वाचताना बायको समोरून म्हणायची, "अहो, श्वास घ्या की." तेव्हा कुठे त्याला कळायचं की आपण धरून बसलो होतो.

*

पाचव्या महिन्यात अप्पांची मुलगी माहितीपट बघायला आली. तिची सही आल्याशिवाय तो बाहेर जाणार नव्हता. शाळा सुटल्यावर, संध्याकाळी सहाची वेळ होती. बाईंनी साउंडवाल्याला बजावलं होतं, "कानसेन, त्या दिवसाबद्दल चकार शब्द नको. ताई आधीच हळव्या झाल्यात."

ताई काही हळव्या दिसत नव्हत्या. चष्मा गळ्यात, बोटांना खडू, पिशवीत वह्यांचा गठ्ठा. खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "सुरू करायच्या आधी एक विचारायचंय. शेवटचे सहा दिवस त्यांच्याबरोबर तुम्हीच होतात, म्हणून." पर्समधून कागदाची पुडी काढून त्यांनी टेबलावर उलटी केली.

पितळी किल्ली.

"घर रिकामं करताना फ्रिजमध्ये सापडली. फ्रिज बंद केलेला. अप्पा आयुष्यात फ्रिज बंद करणार नाहीत, त्यात त्यांचे रोल असायचे. म्हणजे मुद्दाम केला. म्हणजे त्यांना कळलं होतं, जायची वेळ झाली ते." त्यांनी किल्ली बोटाने सरळ केली. "घरातलं प्रत्येक कुलूप लावून बघितलं. पेट्या, कपाटं, माळ्यावरची ट्रंक. शेजाऱ्यांकडची सायकलसुद्धा. माझ्यासाठी काहीतरी ठेवलंय त्यांनी, आणि मला ते सापडत नाहीये. तुम्हाला काही बोलले होते का?"

बाई म्हणाल्या, "नाही हो, ताई. किल्लीबद्दल कधीच काही नाही."

साउंडवाल्याने किल्ली ओळखली. गप्प बसणं अगदी सोपं होतं. गप्प बसलं तर ताईंचे वडील सगळं आवरून, फ्रिज बंद करून, मुलीसाठी किल्ली ठेवून गेले होते. बोललं तर ते एका परक्या माणसाच्या हावेपायी खुर्चीत ताटकळत गेले होते. पण गप्प बसलं तर ही उरलेलं आयुष्य कुलपं शोधणार होती.

"ती माझी आहे," तो म्हणाला.

"काय?"

"किल्ली. माझ्या माइकच्या पेटीची."

"मग ती फ्रिजमध्ये काय करतेय?"

त्याने सांगितलं. फ्रिज का बंद करतात ते. किल्ली का ठेवतात ते. बेचाळीस, त्रेचाळीस. बाई मध्ये एकदा "अरे" म्हणाल्या, नंतर त्यांनी हात तोंडावर धरला. श्वासापाशी येऊन तो अडखळला, तेव्हा ताईंनी चष्मा लावला. वर्गात फळ्याशी अडलेल्या मुलाला देतात तेवढा वेळ त्यांनी त्याला दिला.

"थांबला तेव्हा मी ऐकलं. मला वाटलं, धरलाय. माझ्यासाठी."

"मला ऐकायचंय."

"ताई, कशाला उगाच," बाई म्हणाल्या.

"मला ऐकायचंय."

त्याने हेडफोन दिले. ताईंनी मनगटावरचं घड्याळ काढून समोर ठेवलं. एक मिनिट पन्नास सेकंद खोलीत कुणी हललं नाही. त्याला काही ऐकू येत नव्हतं, पण कुठे काय आहे ते पाठ होतं. बावीस सेकंदांपाशी ताईंचे खांदे वर गेले आणि तिथेच राहिले. बऱ्याच वेळाने त्यांनी श्वास सोडला. टेक तेव्हाही चालूच होता. तो संपला तेव्हा त्यांनी हेडफोन काढले आणि वायर नीट गुंडाळून ठेवली.

"एकशे दहातून बावीस गेले. अठ्ठ्याऐंशी."

"हो."

"डॉक्टरांना अठ्ठ्याऐंशी सांगितले होते?"

"नाही."

"मग त्यांना काय कळणार, काही करता आलं असतं की नसतं."

त्याने टेक पुन्हा सुरुवातीला नेऊन ठेवला.

"लहानपणी मी त्यांच्या पायाशी बसून मोजायची," ताई म्हणाल्या. "समोर एखादं बाळ वळवळत असायचं आणि हे श्वास धरून थांबायचे. सगळ्यात जास्त चौतीस. त्याच्या पुढे कधीच नाही, चेहरा लाल व्हायचा. म्हणजे चौतीसपर्यंत मीसुद्धा फसले असते." त्यांनी घड्याळ परत हाताला बांधलं. पट्टा भोकात जायला वेळ लागला. "पुढचे चोपन्न तुमचे."

"हो," तो म्हणाला.

"हे माहितीपटात कुठे आहे?"

"सगळीकडे."

बाई उठून खिडकीपाशी गेल्या. ताईंनी किल्ली दोन बोटांनी साउंडवाल्याकडे सरकवली.

"काढा. सगळीकडून. मग सही करते. आणि खोडू नका, ते मला द्या. ते माझं आहे."

*

काढलं, पण भोकं बुजवायला दुसरं काही हवं होतं. साउंडवाला त्या घरी जाऊन आला. खोली रिकामी होती, भिंतींना नवा रंग, पावलांचा पडसाद येत होता. ती खोली ती उरली नव्हती. आधीच्या दिवसांचे रूमटोन रस्त्यावरच्या गाड्यांनी वाया गेले होते; आता जगात त्या खोलीची, अप्पा असतानाची, एकच शांतता शिल्लक होती: टेक बेचाळीस.

"त्यात फ्रिज आहे," बाई म्हणाल्या. "लोक तुझ्या नावाने खडे फोडतील."

"फोडू देत."

"पुढे काम कोण देईल तुला?"

"त्यात अप्पा पण आहेत," तो म्हणाला. "मी घासूनपुसून पाहिलं. फ्रिज काढायला गेलं की श्वासही निघतो."

म्हणून त्या माहितीपटाखाली सत्तर मिनिटं एक फ्रिज घुमत राहतो, आणि नीट कान दिला तर त्याच्या आत एक म्हातारा श्वास घेतो, किंचित शिट्टी वाजवत. पहिल्या खेळाला ताई आल्या होत्या, शेवटच्या रांगेत, भिंतीशी. साउंडवाला त्यांच्यापासून दोन खुर्च्या सोडून बसला. पुढे तिसऱ्या रांगेतला माणूस बायकोच्या कानाशी वाकला आणि माती खाल्ल्याबद्दल जे म्हणायचं ते म्हणाला, त्याला वाटलं त्यापेक्षा मोठ्याने.

साउंडवाल्याने ते ऐकलं. त्याला सगळंच ऐकू येतं. त्याने शेजारी पाहिलं नाही, पण दोन खुर्च्यांपलीकडे कुणीतरी ओठांतल्या ओठांत मोजत होतं, आणि मोजणी चौतीसच्या पुढे जात नव्हती. दर थोड्या वेळाने ती पुन्हा एकपासून सुरू होत होती.

*

सहाव्या दिवशी सकाळी, मंडळी सामान लावत असताना, अप्पांनी फ्रिजमधून एक नवा रोल काढून कॅमेऱ्यात भरला आणि डोळे मिटून हेडफोन लावून बसलेल्या साउंडवाल्याचा फोटो काढला. त्या रोलवर तेवढा एकच फोटो आहे. तो हललेला आहे.